मदत हवी आहे : पॉलियुरेथेन फिल्मच्या हवेकडच्या बाजूला नायट्रोजन इतका कमी का?

नमस्कार. पॉलिमर केमिस्ट्रीत पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष. कॅथेटरच्या नळीला चालेल असं पॉलियुरेथेन बनवते : एमडीआय (डायआयसोसायनेट), ब्यूटेनडायॉल आणि १००० रेणुभाराचा पीटीएमओ (लवचिक पॉलिइथर), मोलमध्ये २:१:१. डीएमएफ या द्रावकातलं द्रावण काचेवर ओतते, ६० अंशांवर सुकवते आणि मग दोन दिवस व्हॅक्यूम ओव्हन.

तीन तपासण्या केल्या आणि तिन्ही वेगवेगळं सांगताहेत. एटीआरमध्ये (इन्फ्रारेड तपासणी) फिल्मच्या दोन्ही बाजू सारख्याच, स्पेक्ट्रम एकावर एक ठेवले तरी फरक सापडत नाही. पाण्याच्या थेंबाचा कोन मात्र हवेकडच्या बाजूला ९२ अंश, काचेकडच्या बाजूला ७४ (कोन मोठा म्हणजे पृष्ठभाग पाणी झटकणारा). एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागाजवळचे अणू मोजतात) हायड्रोजन सोडून हिशोब केला तर नायट्रोजन ३.५ टक्के यायला हवा. काचेच्या बाजूला ३.१ मिळाला. हवेच्या बाजूला सरळ मोजला तर २.२, आणि पृष्ठभागाशी १५ अंशांच्या कोनात जेमतेम ०.९.

नायट्रोजन फक्त हार्ड सेगमेंटमध्ये (एमडीआय-ब्यूटेनडायॉलचा ताठ भाग) असतो, म्हणून वर सॉफ्ट सेगमेंट (पीटीएमओचा लवचिक भाग) गोळा झालाय असं मी लिहून टाकलं. सरांनी लगेच विचारलं, "मग एटीआरला का दिसत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यात फिल्म दिवसभर पाण्यात ठेवली की ९२ चा कोन ७० वर येतो, आणि वाळवली की परत चढतो. मग यातला खरा पृष्ठभाग कोणता मानायचा? पुढच्या महिन्यात सिनॉप्सिस आहे, झोप उडाली आहे.

डीएससीत (उष्णतेची तपासणी) सॉफ्ट सेगमेंटचा टीजी, म्हणजे साखळ्या मोकळ्या व्हायला लागतात ते तापमान, उणे ५२ अंश आला. एटीआरमध्ये कार्बोनिलची (युरेथेनमधला C=O गट) दोन शिखरं दिसतात, १७३० आणि १७०३ ला.

प्रतिसाद १

सरांच्या प्रश्नाचं उत्तर खोलीत आहे. या शिखरांच्या भागात एटीआर एक-दीड मायक्रॉन आतपर्यंत पाहतं. एक्सपीएस सरळ धरलं तर सुमारे १० नॅनोमीटर, १५ अंशांवर अडीच-तीन. साय किती जाड आहे ते बघायला पातेलं ढवळून घोट घ्यावा, तसं एटीआरचं आहे. त्यामुळे विरोधाभास काहीच नाही. (१५ अंश पृष्ठभागापासूनच मोजलेत ना, याची ऑपरेटरकडे खात्री करून घ्या. काही ठिकाणी लंबापासून मोजतात आणि मग सगळा अर्थ उलटा होतो.)

दोन्ही पृष्ठभाग खरेच आहेत. पीटीएमओची सरफेस एनर्जी कमी आणि खोलीच्या तापमानाला त्याच्या साखळ्या मोकळ्या, म्हणून हवेत किंवा निर्वातात तो वर येतो. पाणी लागलं की युरेथेनचे ध्रुवीय गट पाण्याकडे वळतात. काचही ध्रुवीय, म्हणून तुमची काचेकडची बाजू जवळपास आतल्यासारखी निघाली. एक्सपीएस निर्वातात होतं, म्हणजे तुम्हाला कोरडा चेहराच दिसतो. कॅथेटर मात्र ओल्या जागी राहणार आहे.

टीजी शुद्ध पीटीएमओपेक्षा बराच वर आहे, म्हणजे थोडा हार्ड सेगमेंट सॉफ्टमध्ये मिसळलेला आहे. १७०३ चं शिखर हायड्रोजन बंध असलेल्या कार्बोनिलचं, १७३० चं मोकळ्या. फेज सेपरेशन (दोन्ही सेगमेंट वेगळे होणं) झालंय, पण अर्धवट. एवढ्या आखूड पीटीएमओत तसं होतंच.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं, पण एक राहिलं. एक्सपीएसच्या सर्व्हे स्कॅनमध्ये १०२ इलेक्ट्रॉन व्होल्टला, म्हणजे सिलिकॉनच्या जागी, काही आहे का? आणि सी-१एसमध्ये (कार्बनच्या शिखरांत) २८६.५ च्या इथरच्या शिखराचा वाटा किती? तुमच्या प्रमाणात तो ३३ टक्के असायला हवा आणि पीटीएमओ वर आला तर ५० कडे सरकायला हवा. नायट्रोजन कमी होणं हा अर्धाच पुरावा झाला. वर कसलीही घाण बसली तरी नायट्रोजन घटतो.

धागाकर्ती

१०२ ला छोटं शिखर आहे. मी काच समजून सोडून दिलं होतं! १५ अंशांवर सिलिकॉन ९ टक्के, कार्बन ६७, ऑक्सिजन २३. इथरचा वाटा ३१. म्हणजे वाढण्याऐवजी कमीच झाला. माझं सगळं चुकलं का?

प्रतिसाद २

नाही, घाबरू नका. काचेचं शिखर १०३.५ च्या आसपास येतं, आणि हवेच्या बाजूला काच कुठून येणार? हे सिलिकोन (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळीचं) तेल किंवा ग्रीस आहे. त्यात प्रत्येक सिलिकॉनमागे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन, म्हणजे तुमच्या १०० अणूंतले ३६ त्याचे. उरलेल्या ६४ मध्ये ०.९ नायट्रोजन म्हणजे १.४ टक्के, ३.५ च्या निम्म्याहून कमीच. इथरचंही तसंच करा : ६७ पैकी १८ कार्बन वजा, ४९ उरले, त्यात इथरचे सुमारे २१, म्हणजे ४२ टक्के. दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर आलं. सॉफ्ट सेगमेंट वर आलाच आहे, त्यावर ग्रीसचा पदर आहे इतकंच.

पण हे आकडे सिनॉप्सिसमध्ये नकोत, फिल्म नव्याने करा. हेक्झेनने धुण्याचा मोह टाळा, धुण्याने पृष्ठभागही हलतो. ओव्हनमध्ये ॲल्युमिनियम फॉइलचा स्वच्छ तुकडा ठेवा आणि आधी त्याचं एक्सपीएस करा.

धागाकर्ती

दहा दिवसांनी लिहिते आहे. फॉइलवर सिलिकॉन निघाला. ओव्हनच्या व्हॅक्यूम जोडाला आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं सिलिकोन ग्रीस लावतात. जोड पुसून, ग्रीसशिवाय नवीन फिल्म केल्या आहेत, गुरुवारी स्लॉट मिळालाय. ओला नमुना गोठवून एक्सपीएस करायचं म्हटलं तर त्याला उणे ५२ च्या किती खाली ठेवायला हवं? कुणी केलं असेल तर कृपया लिहा.