प्रतोद : चाबूक की चाबूकवाला?

खोडरबर :
विधिमंडळाच्या बातम्यांत ‘मुख्य प्रतोद’, म्हणजे आपल्या पक्षाच्या आमदारांना मतदानाला गोळा करणारा, आला की दर वेळी अडखळायला होतं. प्रतोद म्हणजे जनावरं हाकायचा पराणा किंवा चाबूक ना? ‘व्हिप’चं शब्दशः भाषांतर केलंय हे कळतं, पण इंग्रजांनी तरी माणसाला चाबूक का म्हणावं?

नीरक्षीर :
आधी म्हणत नव्हते. मूळ शब्द ‘व्हिपर-इन’, आणि तो कोल्ह्याच्या शिकारीतला. मुख्य शिकारी पुढे, त्याच्यामागे कुत्र्यांचा ताफा. एखादं कुत्रं सशाचा वास लागून भलतीकडे पळालं, की बाजूने घोडा दामटून, आसूड वाजवून त्याला पुन्हा ताफ्यात आणणारा मदतनीस तो व्हिपर-इन. अठराव्या शतकात पार्लमेंटातले निम्मेअधिक लोक जमीनदार घराण्यांतले. हिवाळाभर शिकार हाच त्यांचा उद्योग. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल रिचमंड पार्कात स्वतःची शिकारी कुत्री बाळगून होता. टपाल आलं की सरकारी खलिते बाजूला ठेवून तो आधी आपल्या शिकार-रखवालदाराचं पत्र फोडायचा, असं सांगतात. अशा मंडळींनी मतदानाला खासदार गोळा करणाऱ्याला व्हिपर-इन म्हटलं यात नवल ते काय! पुढे बोलण्यात शेपूट गळालं, ‘व्हिप’ राहिला. आपण भाषांतर केलं ते या उरलेल्या तुकड्याचं. त्यामुळे घोडेस्वार गेला आणि हातात नुसता चाबूक आला.

जुनी वही :
प्रतोद शब्द मात्र झकास निवडलाय. ‘तुद्’ म्हणजे टोचणे. गीतेच्या ध्यानश्लोकातल्या ‘तोत्रवेत्रैकपाणये’मधला तोत्र त्याच धातूचा. म्हणजे सारथ्याच्या हातातली वस्तू, कुत्र्यांशी संबंध नाही. आमदारांची तेवढी तरी अब्रू राखली म्हणायची.

खोडरबर :
मग ‘हाकारा’ चालला नसता का?

नीरक्षीर :
नाही. हाकारे सावज उठवतात. हा आपलीच कुत्री वळवतो. जवळचा शब्द गुराखी, पण ‘मुख्य गुराखी’ हे पद घ्यायला कोण पुढे येईल!

लंगडी सबब :
शिकारीतून आलेला आणखी एक : ‘स्टॉकिंग हॉर्स’. पाखरं घोड्याला बुजत नाहीत म्हणून शिकारी त्याच्या आडोशाने पुढे सरकायचा. 1989 मध्ये ब्रिटिश पंतप्रधान थॅचरबाईंविरुद्ध पक्षाच्या नेतेपदासाठी त्यांच्याच पक्षाचे खासदार अँथनी मेयर उभे राहिले, तेव्हा मागे दुसरा कुणी मोठा दडलाय अशा अर्थाने वर्तमानपत्रांनी त्यांना हेच म्हटलं. मतं पडली 33. पुढच्याच वर्षी त्याच पक्षाचे माजी मंत्री हेसेल्टाइन उतरले आणि बाईंना जावं लागलं. आपल्याकडे याला ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक’ आहेच. आपलाही वाक्प्रचार शिकारीतलाच वाटतो, पण घोड्याच्या जागी माणूस.

जुनी वही :
‘पेअरिंग’ही घ्या. दोन बाजूंचे दोन खासदार ठरवून एकाच वेळी गैरहजर राहतात, म्हणजे बेरीज बिघडत नाही. शिकारी कुत्रीही जोड्यांत मोजतात, पण उगाच बादरायण संबंध जोडू नका.

खोडरबर :
आणि ‘पक्षादेश’?

नीरक्षीर :
तो कागदाला. इंग्रजीत माणूसही व्हिप, त्याने धाडलेला कागदही व्हिप. त्या कागदावर कामकाजाच्या बाबींखाली रेघा असतात. एक रेघ म्हणजे जमलं तर या. तीन म्हणजे यावंच लागेल. तोच ‘थ्री-लाइन व्हिप’. आपण माणूस आणि कागद वेगळे केले, हे बरंच झालं.

तिसरा अर्थ मात्र आपल्याकडे आलाच नाही, आणि भाषांतरं फसतात ती तिथे. आपण ‘पक्षाने व्हिप काढला’ म्हणतो तेव्हा तो बजावलेला असतो. तिकडे खासदाराचा व्हिप ‘काढून घेतला’ म्हणजे त्याला संसदीय पक्षाबाहेर घालवलं. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रेक्झिटवरून हुजूर पक्षाने 21 खासदारांचा असा काढून घेतला. त्यांत चर्चिलचा नातू निकोलस सोम्सही होता. याचं मराठी ‘21 जणांना व्हिप काढला’ असं केलं, तर वाचणाऱ्याला वाटेल, मतदानाला हजर राहायला सांगितलं.