सूर्यावरचे डाग वाढले की वैश्विक किरण कमी कसे होतात?

गोदाकाठची:
इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर पावसाळा संपला की लेक आणि मी दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेतो. २०२४मध्ये डागांचे पुंजकेच्या पुंजके दिसायचे, रोज थोडे सरकलेले. आता त्याने वाचलंय की डाग जास्त असताना पृथ्वीवर वैश्विक किरण कमी पोचतात. सूर्य खवळल्यावर कण वाढायला हवेत ना? तो अडून बसलाय.

ओझरकर:
ताई, सूर्य उसळला की सूर्याचे कण वाढतात, हे मुलाचं बरोबरच आहे. पण वैश्विक किरण सूर्यमालेबाहेरून येतात, मुख्यतः प्रोटॉन. सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या कणांनी, पसरवलेल्या चुंबकीय क्षेत्रातून वाट काढत त्यांना आत यावं लागतं. डाग वाढले की त्या क्षेत्रात गुंते होतात, सूर्यावरून प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) लोट सुटतात आणि कमी ऊर्जेचे प्रोटॉन वाटेतच विखुरतात. असा लोट पृथ्वीवरून गेला की काही तासांत किरण घटतात, भरून यायला काही दिवस लागतात. स्कॉट फोर्बश यांच्या नावाने ही घट ओळखतात. उटीचा ग्रेप्स-३ प्रकल्प, वैश्विक किरण हवेत आदळून तयार होणारे म्युऑन नावाचे कण मोजून, ती टिपतो.

मला खरं वेड लावलं ते पुढच्या गोष्टीने. साधारण ११ वर्षांनी, डाग ऐन भरात असताना, सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटतात. मूळ स्थितीला यायला २२ वर्षं. म्हणून वैश्विक किरणांच्या आलेखात, डाग कमी असताना येणारं एक शिखर सपाट, पुढचं टोकदार. १९७०च्या दशकातलं सपाट, १९८७चं टोकदार. सपाट शिखराच्या पाळीत प्रोटॉन सूर्याच्या ध्रुवांकडून आत शिरतात. टोकदार शिखराच्या पाळीत ते विषुववृत्ताजवळच्या विद्युतप्रवाहाच्या पडद्यालगत येतात, आणि डाग वाढले की त्या पडद्याच्या लाटा फार उंच होतात, वाट लांबते आणि किरण लगेच घटू लागतात. न्यूट्रॉन मॉनिटरचा, म्हणजे वैश्विक किरण मोजणाऱ्या उपकरणाचा, आलेख मुलाला जरूर दाखवा.

गोदाकाठची:
दाखवला, सर. दोन्ही शिखरं त्याने स्वतः शोधली! आता विचारतोय, मंगळावर डाग जास्त असताना जावं की कमी असताना?

ओझरकर:
शाब्बास! डाग जास्त असताना बाहेरचे किरण कमी, आणि त्यांना यानाच्या भिंतीने अडवणं अवघड. पण तेव्हा सूर्याच्या कणांचं वादळ अचानक येऊ शकतं. १९७२च्या ऑगस्टमध्ये असं मोठं वादळ आलं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघायचं होतं. त्या वादळातून वाचायला यानात जाड आडोशाची खोली हवी. ती असेल तर मी डागांच्या काळातच निघेन.