मदत हवी आहे: रडार चित्रात लव्हाळ्यांखालचं पाणी कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,

एका पाणथळ जागेत पुराचं पाणी कुठवर पसरतं, याचे नकाशे मी करतेय. पूर असतो नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं, म्हणून सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडार चित्रं घेतली. त्याच्या सुमारे ५.६ सेंमी लांबीच्या लहरी ढगांतून आरपार जातात, रात्रीही काम करतात, आणि डेटा मोफत मिळतो.

मोकळ्या पाण्याचं जमतंय. शांत पाण्यावरून सिग्नल आरशावरून जावा तसा पुढे निसटतो, उपग्रहाकडे फारसं काही परतत नाही, तो भाग काळा दिसतो. थ्रेशोल्ड (उजळपणाची ठरावीक मर्यादा) लावला की पाणी वेगळं निघतं.

अडतंय ते काठावर. तिथे उंच लव्हाळी पाण्यात उभी असतात, आणि पूर आला की तो पट्टा काळा पडायच्या ऐवजी कोरड्या दिवसांपेक्षाही उजळ होतो! थ्रेशोल्ड त्याला कोरडी जमीन ठरवतो. पक्ष्यांच्या आणि माशांच्या विणीसाठी हाच पट्टा मोलाचा. तो गळला तर नकाशा कशासाठी करायचा? त्यात वारा सुटला की मोकळं पाणीही व्हीव्हीमध्ये (उभी लहर पाठवून उभीच टिपलेलं चित्र) उजळतं. व्हीएचमध्ये (उभी पाठवून आडवी टिपलेली) हा त्रास कमी, पण तिथे सिग्नलच क्षीण.

हा पट्टा पाण्यात कसा धरायचा? आणि झाडांखालचं पाणी सेंटिनेलला दिसेल, की निसार हा नासा-इस्रोचा रडार उपग्रहच हवा?

प्रतिसाद:

तो उजळपणा हीच पाण्याची खूण आहे. सिग्नल पाण्यावरून उसळून देठांवर आदळतो आणि उपग्रहाकडे परततो. म्हणून पुराआधीचं चित्र घेऊन तुलना करा, पण त्याच कक्षेतलं. कोन बदलला की आकडे जुळत नाहीत. व्हीव्ही ठळक वाढलेले पिक्सेल वेगळे काढा. नुसती माती ओली झाली तरी व्हीव्ही वाढतो, तेव्हा उंचीचा नकाशा लावून मोकळ्या पाण्याला लागून असलेला सखल भागच ठेवा. एसएलसी डेटा (लहरीची फेजही जपलेला) हाताळत असाल तर कोहेरन्सही, म्हणजे दोन तारखांच्या सिग्नलमधला मेळ, पाहा. मोकळ्या पाण्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो, पाण्यात उभ्या लव्हाळ्यांत बराच टिकू शकतो.

दाट झाडीत मात्र सी-बँड (सेंटिनेलची आखूड लहर) बहुतेक पानाफांद्यांतच अडकतो. तिथे एल-बँड, म्हणजे जास्त लांबीची लहर, लागेल. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसारची एल-बँड लहर सुमारे २४ सेंमीची आहे, ती पानांतून बरीच खाली उतरते, आणि दर १२ दिवसांनी तीच कक्षा पुन्हा येते. लव्हाळ्यांचं काम सेंटिनेलवर सुरू ठेवा.