बोअरच्या पाण्यात एमटीबीई आढळले, बेंझीन मात्र नाही: पुढची तपासणी कशी करावी?

प्रश्न: वाटसरू
नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात घर घेतले. येथे सार्वजनिक नळयोजना नाही. ग्रॅनाइटमध्ये खोदलेल्या सुमारे 300 फूट खोल बोअरचे पाणी आम्ही पितो. रस्त्यापलीकडे चढावर पूर्वी पेट्रोल पंप होता, त्याच्या जमिनीखालच्या टाक्या काढून बरीच वर्षे झाली, असे शेजारी सांगतात. प्रयोगशाळेच्या अहवालात मेथिल टर्शरी ब्युटिल ईथर, म्हणजेच पूर्वी पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई, प्रतिलिटर 4 मायक्रोग्रॅम आहे. पेट्रोलमधल्याच बेंझीन व टोल्युईनपुढे ‘आढळले नाही’ असे लिहिले आहे. पेट्रोल झिरपले असेल तर बेंझीनही यायला नको का? आणि राज्यात 2007 पासून बंदी असलेला पदार्थ आज कोठून येतो? घरात लहान मूल आहे, म्हणून काळजी वाटते.

उत्तर: कातळझरा
बेंझीन नाही म्हणून पेट्रोल नाही, असा निष्कर्ष कृपया काढू नका. शुद्ध बेंझीन एक लिटर पाण्यात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास विरघळते, तर एमटीबीई 40 ग्रॅमहून अधिक. शिवाय बेंझीन मातीतील सेंद्रिय कणांना धरून राहते आणि ऑक्सिजन असेल तेथे जीवाणू ते बऱ्यापैकी लवकर संपवतात. एमटीबीई मातीला जवळजवळ चिकटत नाही, जीवाणूंनाही सहज पचत नाही, त्यामुळे ते भूजलाच्याच वेगाने वाहत सर्वांत पुढे आणि सर्वांत दूर पोहोचते. 1990 च्या दशकात धूर कमी करण्यासाठी अमेरिकेच्या अनेक भागांत पेट्रोलमध्ये ते सुमारे 11 टक्के मिसळत असत, म्हणजे गळती लहान असली तरी जमिनीत उतरणारे प्रमाण लहान नव्हते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील सांता मोनिका. तेथील चारनॉक भागातील विहिरींत एमटीबीई प्रतिलिटर 610 मायक्रोग्रॅमपर्यंत गेले, 1996 मध्ये त्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा बाहेरून विकत घ्यावा लागला. शुद्धीकरण केंद्र उभे राहून ते पाणी पुन्हा वापरात येण्यास 2010 चा शेवट उजाडला. बंदीमुळे नवीन भर थांबते. मातीत आणि कातळाच्या भेगांत आधीच मुरलेले मात्र वर्षानुवर्षे पाझरत राहते.

तुमच्या आकड्याविषयी: अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1997 मध्ये चव व वासाच्या दृष्टीने 20 ते 40 मायक्रोग्रॅमची सल्लावजा पातळी सुचवली होती; कॅलिफोर्नियाची मर्यादा चवीसाठी 5 आणि आरोग्यासाठी 13 आहे. तुमचे 4 त्याखाली आहे, पण एका आकड्यावरून ते चढते आहे की उतरते, हे कळत नाही. माझी खरी चिंता तीच आहे.

उत्तर: नमुनेदार
मी अशा नमुन्यांचे काम करते. वर्षभर दर तीन महिन्यांनी नमुना घ्या. त्यांतील एक बर्फ वितळताना आणि एक उन्हाळ्याच्या अखेरीस असावा. नमुना फिल्टरच्या आधीच्या नळातून, पाणी काही वेळ वाहू देऊन घ्यावा. 40 मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरून झाकण लावा आणि उलटी करून बघा: वाटाण्याएवढाही बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा. त्या दिवशी गाडीत पेट्रोल भरून आला असाल, तर त्या हातांनी कुपीला शिवू नका.

प्रयोगशाळेला टर्शरी ब्युटिल अल्कोहोलही मोजायला सांगा, कारण एमटीबीई विघटित होताना ते तयार होते. येथे एक बारकावा आहे. नमुना टिकवण्यासाठी आम्ल घातले आणि मोजणीच्या वेळी कुपी तापवली, तर थोडे एमटीबीई कुपीतच अल्कोहोलमध्ये बदलते आणि अहवाल फसवा येतो. म्हणून पद्धत आधीच विचारून घ्यावी. कोळशाचा फिल्टर बसवलात तर दोन टाक्या एकापुढे एक ठेवा आणि मधल्या नळाचे पाणी तपासा. कोळसा एमटीबीईला फारसा धरून ठेवत नाही आणि पहिली टाकी अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होते.

उत्तर: डाईक
मी पुण्यात भूजलाचे काम करतो. दख्खनच्या बेसाल्टात एका बोअरला पाणी लागते आणि 20 फुटांवरचे कोरडे जाते, हे आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक असते; ग्रॅनाइटमध्येही पाणी भेगांतूनच चालते. म्हणून शेजाऱ्याचा स्वच्छ अहवाल तुमच्यासाठी हमी ठरत नाही. दुसरे म्हणजे, तुमच्या बोअरमध्ये अनेक भेगांचे पाणी एकत्र येत असणार. एका भेगेतून 40 येत असेल आणि बाकीच्या स्वच्छ भेगांमुळे ते 4 दिसत असेल, असेही घडू शकते. जुन्या पंपाची फाईल राज्याच्या पर्यावरण विभागाकडे मागा आणि निरीक्षण विहिरी, म्हणजे गळती तपासण्यासाठी खोदलेल्या विहिरी, किती खोल होत्या, ते पाहा.

वाटसरू
सर्वांचे मनापासून आभार. फाईल मिळाली. पंपाच्या आवारात पाच निरीक्षण विहिरी होत्या, सर्वांत खोल 35 फूट. पाचही मातीतच थांबल्या आहेत, कातळात एकही उतरलेली नाही. हा तपशील आणि आमचा अहवाल मी विभागाला लेखी पाठवला आहे. तोपर्यंत मुलाचे पाणी बाहेरून आणतो; पुढचा नमुना एप्रिलमध्ये, बर्फ वितळू लागले की घेणार आहे.