मदत हवी आहे: लेकीच्या सर्वेक्षणात प्रश्न कसे विचारावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही ऑकलंडला असतो. लेकीला शाळेत प्रकल्प आहे: न्यूझीलंडमधले लोक आशियाकडे आणि आशियाई माणसांकडे कसे पाहतात. इतिहासाचा भाग झालाय. १८८१ साली येणाऱ्या चिनी लोकांवर माणशी १० पौंडांचा कर, १८९६ मध्ये तो थेट १०० पौंड, १९४४ मध्ये रद्द, आणि सरकारने माफी मागितली ती २००२ मध्ये! एशिया न्यूझीलंड फाउंडेशनची १९९७ पासूनची सर्वेक्षणंही ती चाळतेय.

घोडं अडलंय ते तिच्या स्वतःच्या प्रश्नावलीपाशी. "आशियाई लोकांबद्दल तुमचं मत काय?" असं थेट विचारलं की सगळे गोडच बोलतात. आमच्या शेजारच्या आजीबाईच बघा ना. दिवाळीत करंज्या हक्काने मागून नेतात, आणि घरांच्या किमतींचा विषय निघाला की "हे आशियाई लोक सगळं विकत घेतात" म्हणतात. वर मला, "तू नाही गं!" त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा चीनच असतो, भारत त्यात धरतात की नाही, देव जाणे. २०२३ च्या जनगणनेत इथले १७ टक्क्यांहून जास्त लोक आशियाई वंशाचे आहेत, त्यात आपणही आलोच की.

तर इथे कुणी सर्वेक्षणाचं काम केलंय का? देशवार वेगळे प्रश्न घ्यावेत की एकत्रच? नाव न लिहिता कागदावर उत्तरं मागितली तर लोक मोकळेपणाने लिहितात का? नववी-दहावीतल्या मुलीला झेपेल असंच सुचवा. आयती प्रश्नावली मात्र नको, तिच्या बाई लगेच ओळखतील.