केंदाळातील ऊर्जा नेमकी कोठे जाते? मोजणीच्या पद्धतीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप ही साखळी आणि दहा टक्क्यांचा नियम (एका पातळीतील ऊर्जेपैकी सुमारे दहा टक्केच पुढच्या पातळीत पोहोचते) मुलांना लवकर समजतो. परंतु पंचगंगेवर पसरणारे केंदाळ (जलपर्णी) पाहणारी हीच मुले जेव्हा विचारतात, की याला फारसे कोणी खात नाही, मग यात साठलेली ऊर्जा जाते कोठे, तेव्हा त्या साखळीतून उत्तर देता येत नाही.

माझी समजूत अशी आहे. केंदाळाची पाने पाण्याच्या वर, हवेत प्रकाशसंश्लेषण करतात, त्यामुळे त्यांचा ऑक्सिजन बहुतांशी हवेतच जातो. शिवाय दाट थराखाली उजेड पोहोचत नसल्याने, ज्यांच्यावर प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) आणि पुढे मासे जगतात, ती सूक्ष्म शैवालेही कमी होतात. पाने कुजू लागली, की जिवाणू आणि बुरशी त्यांतील ऊर्जा वापरतात, पण त्यासाठी ऑक्सिजन घेतात तो पाण्यातला. मासे तडफडतात ते यामुळेच, आणि विघटकांना साखळीच्या टोकाला एका ओळीत उरकणे मला म्हणूनच पटत नाही.

दहा टक्के हा आकडाही ढोबळच आहे. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ लिंडमन यांनी १९४२ साली मिनेसोटातील सीडार बॉग तलावाचा जो हिशेब मांडला, त्यात प्राथमिक (वनस्पती खाणाऱ्या) भक्षकांची कार्यक्षमता १३.३ टक्के, तर द्वितीयक भक्षकांची २२.३ टक्के होती.

मुलांकडून एक प्रयोग करून घ्यायचा आहे. केंदाळाची वाळवून तोललेली पाने बारीक आणि मोठ्या जाळीच्या पिशव्यांत भरून पाण्यात सोडायची, आणि ठरावीक अंतराने एकेक पिशवी काढून, पाने पुन्हा वाळवून वजन करायचे. बारीक जाळीतून मुख्यतः सूक्ष्मजीवच आत जातील, मोठ्या जाळीतून गोगलगायी व अळ्याही जातील, म्हणजे दोन्हींतील फरकावरून प्राण्यांचा वाटा अंदाजे कळेल.

अडचण अशी, की सुरुवातीच्या दिवसांत पानांतील विद्राव्य पदार्थ नुसतेच पाण्यात उतरतात आणि तेवढे वजन कोणी न खाताच घटते. ही घट वेगळी कशी काढावी? पाने उकळलेल्या पाण्यात भिजवून तुलना केली तर चालेल का? बारीक जाळीची भोके किती मिलिमीटरची असावीत? आणि वजनातील घटीवरून ऊर्जेचा अंदाज बांधताना, शाळेच्या प्रयोगशाळेत कॅलरीमापी नसल्यास, कोणता मार्ग विश्वासार्ह ठरेल? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.