पोरांना हॅलोविन करायचंय आणि आठवड्यावर दिवाळी, खर्च कसा बसवायचा?

टिळकवाडीची आई
नमस्कार मंडळी, जरा सुचवा की. आमच्या अपार्टमेंटमधली पोरं यंदा ३१ ऑक्टोबरला हॅलोविन करूया म्हणून मागं लागलीत, त्यात शनिवार आलाय त्यामुळं अभ्यासाचं कारण पण चालत नाही. माझी मोठी पाचवीत, तिला चेटकीण व्हायचंय, धाकट्याला सांगाडा. ऑनलाइन एकेक ड्रेस ७००-८०० च्या खाली नाही, वर मुखवटे, सजावट, चॉकलेटं, आणि ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन म्हणजे फराळाचं सामान, कपडे सगळं त्याच पगारात. सासूबाई म्हणायल्यात, पितृपक्ष आत्ताच झालाय, भुताखेताची सोंगं घरात कशाला. त्यांनाही दुखवायचं नाही आणि पोरांचं मनही मोडवत नाही. ५०० च्या आत होईल का काय?

शहापूरची काकू
होतंय की, न व्हायला काय झालं. ड्रेस अजिबात विकत घेऊ नको, मी सांगतो तसं कर. सांगाड्याला जुना काळा टीशर्ट आणि पँट घे, पांढऱ्या कागदाच्या बरगड्या कापून दोऱ्यानं टाके घाल, म्हणजे नंतर उसवून कपडे परत वापरता येतात. चेटकिणीला तुझी काळी ओढणी आणि पुठ्ठ्याची टोपी, किराणा दुकानात रिकामी खोकी मागितली की देतात. तोंडाला खोबरेल तेलाचा हलका हात लावून वर पावडर, डोळ्याभोवती काजळ आणि ओठाला बिटाचा रस, बास. रांगोळीचा रंग किंवा ऑइल पेंट मात्र तोंडाला लावू देऊ नको, कातडी भाजल्यासारखी होते पोरांची. आणि पणत्या लावणार असशील तर नायलॉनचं झुळझुळीत काही घालू नको, सुती कपडेच बरे.

कॅम्पातला जुना रहिवासी
ताई, तुम्ही बेळगावात राहताय, इथं सोंगाची काय कमी. ३१ डिसेंबरला कॅम्पात ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात ते बघितलंच असेल. जुन्या शर्टपँटमध्ये वाळलेलं गवत भरायचं, डोक्याला मडकं नाहीतर कापडाची पिशवी, तसाच एक आत्ता करून जिन्याजवळ बसवा. पोरं दोन दिवस त्यातच रमतील. नंतर कोरड्या जागी ठेवून द्या, तोच वर्षाअखेरीला ओल्ड मॅन म्हणून चालतोय, एका खर्चात दोन कामं. फक्त दिव्यापासून लांब बसवा.
आजींना सांगा, हा सण पण मुळात गेलेल्या माणसांच्या आठवणीशीच जोडलेला आहे. १ नोव्हेंबर ख्रिश्चन लोकांचा सगळ्या संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन, आणि २ तारखेला घरच्या मृतांसाठी प्रार्थना करून थडग्यांवर फुलं, मेणबत्त्या ठेवतात. आजींना हे पटेल असं मला वाटतं.
अजून एक, त्या रात्री पोरांना बाहेर फिरवू नका. चन्नम्मा सर्कलला १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाची, म्हणजे राज्याच्या स्थापना दिवसाची, गर्दी ३१ च्या रात्रीपासूनच असते आणि १ तारखेला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीला घरातली माणसं सकाळीच बाहेर पडतात. बिल्डिंगमध्येच सात ते नऊ करून मोकळं व्हा.

खानापूरकर
भोपळ्याचं मी सांगतो. आयर्लंड-स्कॉटलंडकडं पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, ती माणसं अमेरिकेत गेली आणि तिथं भोपळा भरपूर, कोरायलाही सोपा, म्हणून भोपळा आला. म्हणजे जे हाताशी आहे ते घ्यायचं, ह्यात नियम मोडत नाही. आपला लाल भोपळा चालतोय पण साल टणक आणि गर जाड असतोय, सुरी मोठ्या माणसानंच धरायची. झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा, सरळ कापलं तर झाकण आत पडतंय. तोंड कोरायचं त्या बाजूचा गर चमच्यानं खरवडून पातळ करा, मग डोळे सहज निघतात. गर टाकायचा नाही हां!! किसून गुळात शिजवायचा, मावेल तेवढी कणीक घालून घारगे करायचे, बिया धुवून वाळवून तव्यावर भाजायच्या. तोच पोरांचा खाऊ.

टिळकवाडीची आई
घारगे म्हटल्यावर सासूबाई स्वतःच करतो म्हणाल्या 😊 काकू, दादा, खूप आभार. पण सुरी नको वाटते हो, धाकटा फार धडपड्या आहे, त्याला हातानं करण्यासारखं काही आहे का?

निपाणीची ताई
पत्र्याचा डबा घे, पाणी भरून फ्रीजरमध्ये बर्फ होऊ दे, मग खिळा आणि हातोडीनं भोकं पाडून भुताचं तोंड करा. आत बर्फ असल्यानं डबा चेपत नाही. खिळा तू धर, ठोकू दे त्याला. बर्फ वितळला की पुसून आत पणती. आणि गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा असेल तर त्याला काळा-केशरी पतंगाचा कागद लावा, १ तारखेला तोच काढून दिवाळीचा कागद चिकटवा.
चॉकलेटांपेक्षा घरोघरी आधी ठरवून घ्या, एका घरी भडंग, एका घरी चिक्की, एका घरी घारगे, म्हणजे एकट्यावर बोजा पडत नाही. ज्यांना नको असेल त्यांचं दार वाजवायचं नाही हे पोरांना आधीच सांगा. शेवटी दिवे घालवून सासूबाईंनाच गोष्ट सांगायला बसवा, हडळ, मुंजा, चकवा सगळं येत असेल त्यांना. धाकट्याला मात्र मांडीवर घे, रात्री दचकून उठतात लहान पोरं.